मुक्काम पोस्ट

खेड्यातला पत्ता लिहिताना आपण अजूनही ‘मु. पो.’ अशी सुरुवात करतो. मुक्काम म्हणजे वाटेतला थांबा. ज्या घरात सात पिढ्या गेल्या, त्याच्या पत्त्यातही आधी मुक्काम येतो. ‘वस्ती’चंही तेच. शेवटची एसटी रात्री गावात वस्तीला येते आणि पहाटे निघून जाते. आणि मळ्यात चार घरं कायमची बांधली गेली की तिलाही वस्तीच म्हणतात. थांबणं आणि राहणं यांत आपल्या भाषेने फारसं अंतर ठेवलेलं नाही. ते अंतर आपण शाळेत शिकलो.

शाळेतली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. माणूस आधी शिकार करत रानोमाळ भटकायचा. मग त्याला शेतीचा शोध लागला. शेतीमुळे तो एका जागी राहू लागला, हाताला फुरसत मिळाली, आणि त्या फुरसतीतून कला, नगरं, राज्यं आली. गोष्ट सरळ आहे, म्हणून टिकली. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत उत्खननांतून जे हाती आलं, त्याच्याशी ती जुळत नाही. हा केवळ अभ्यासकांमधला वाद असता तर मी इतकं लिहायला बसलो नसतो. या गोष्टीने आपल्या मनात एक शिडी उभी केली आहे. खालच्या पायरीवर भटके, वरच्या पायरीवर घर-शेतीवाले. महाराष्ट्रात आजही हजारो कुटुंबं पालं ठोकत फिरत असतात, आणि सरकार व गाव त्यांच्याशी कसं वागतं ते पुष्कळसं या शिडीवरून ठरतं.

मुळात क्रमच उलटा आहे. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगत, आजच्या इस्रायल, पॅलेस्टाइन, जॉर्डन, सीरिया या भागात, सुमारे 15,000 ते 11,500 वर्षांपूर्वी जी माणसं राहत होती त्यांच्या संस्कृतीला अभ्यासक नाटुफियन म्हणतात. त्यांनी दगडी पायांची गोल घरं बांधली, दगडात उखळं कोरली, आपले मृत घराजवळ पुरले. शेती मात्र ते करत नव्हते. रानात आपोआप उगवणारे गहू-जव, बदाम-पिस्ते आणि हरणं एवढ्यावर त्यांचं भागत होतं. त्यांच्याही आधी, सुमारे 23,000 वर्षांपूर्वी, गॅलिली सरोवराच्या काठी काही माणसांनी फांद्यापानांच्या झोपड्या घातल्या होत्या. 1989 साली सरोवराचं पाणी खूप उतरलं तेव्हा ती जागा उघडी पडली, आणि तिथे रानटी धान्याचे असंख्य दाणे सापडले. म्हणजे आधी थांबणं आलं, शेती कितीतरी नंतर.

मग थांबले कशासाठी? याचं मला सर्वांत पटणारं उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. 1960च्या दशकात जॅक हार्लन नावाच्या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्कस्तानातल्या डोंगरउतारावर रानटी गव्हाची कापणी करून पाहिली. हातात गारगोटीच्या पात्यांचा विळा. तासाभरात त्याला सुमारे किलोभर स्वच्छ दाणे मिळाले. त्याने हिशेब मांडला की गहू पिकलेला असतो त्या तीनेक आठवड्यांत एक कुटुंब वर्षभर पुरून उरेल इतकं धान्य गोळा करू शकतं.

हे कुटुंब डोळ्यांसमोर आणून पाहा. तीन आठवड्यांची मेहनत झाली, धान्याची रास समोर पडली आहे. आता पुढच्या मुक्कामाला निघायचं कसं? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. पण बिऱ्हाड पाठीवर मावतं तोवरच हे खरं. पाठीवर न मावणारी पहिली वस्तू म्हणजे साठवलेलं धान्य. त्याला कणगी लागते, पेव लागतं, आणि कणगीपाशी कुणीतरी बसून राहावं लागतं. जॉर्डनमध्ये ध्रा या ठिकाणी सुमारे 11,300 वर्षांपूर्वीची कोठारं सापडली आहेत. त्यांची जमीन खालून उचललेली होती, म्हणजे हवा खेळावी आणि उंदरांना सहजासहजी शिरता येऊ नये. त्या कोठारांत रानटी जव साठवत होते. माणसाने जव आपल्या हाताने घडवून लागवडीचं पीक केलं ते त्यानंतर हजारेक वर्षांनी. माणसं कणगीपाशी थांबली, आणि शेत नंतर कणगीपर्यंत चालत आलं, असंच म्हणावं लागतं.

दुसऱ्या जागी हेच काम माशांनी केलं. जपानमध्ये जोमोन लोक मासे, शिंपले, चेस्टनट यांवर जगत हजारो वर्षं बऱ्यापैकी स्थिर राहिले. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सामन मासा दरवर्षी नदीत चढतो तिथे मोठमोठ्या लाकडी घरांची गावं उभी होती, धान्याच्या शेतीवाचून.

पण थांबणं ही एक गोष्ट आणि थांबून राहणं ही दुसरी. त्यांना पुन्हा निघता का आलं नाही, याचं उत्तर मुलांमध्ये आहे. फिरत्या टोळीतली बाई एका वेळी एकच मूल कडेवर घेऊ शकते. कलाहारी वाळवंटातल्या शिकारी-संग्राहक समाजांत दोन मुलांमध्ये चारेक वर्षांचं अंतर असायचं, कारण मूल बराच काळ अंगावर पीत असे. एका जागी राहिल्यावर मूल उचलून चालायची गरज संपते, धान्याची पेज भरवून ते लवकर तोडता येतं, आणि पुढचं मूल लवकर येतं. काही पिढ्यांत गावाची तोंडं इतकी वाढतात की नुसत्या रानावर ती भरत नाहीत. मग पेरावंच लागतं. पेरलं की राखावं लागतं. राखलं की पुढची पिढी रानातल्या कंदमुळांची नावंही विसरते. स्थिरता माणसाने निवडली ती पहिल्या काही पिढ्यांत. पुढच्यांना ती वारशात मिळाली आणि परतीची वाट पुसली गेली.

या व्यवहारात बायकांच्या वाट्याला काय आलं, ते सीरियात फरात नदीकाठच्या अबू हुरेरा या गावातल्या सांगाड्यांवर लिहिलेलं आहे. तिथल्या बायकांच्या पायांची बोटं, गुडघे आणि कंबर यांची हाडं झिजलेली, वाकलेली सापडली. गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून, दिवसाचे कितीतरी तास दगडी पाट्यावर धान्य रगडल्याची ती खूण. गोल फिरणारं जातं फार नंतरचं. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे जात्यावर ओव्या गायल्या, त्या श्रमाची सुरुवात इतकी मागे जाते. ‘शेतीमुळे फुरसत मिळाली’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कधी धान्य दळलेलं नसावं.

आणि वाट अगदीच पुसली गेली होती का? सुरुवातीला तरी नाही. नाटुफियन काळाच्या शेवटाकडे हवामान थंड आणि कोरडं झालं, तेव्हा त्यांतल्या काहींनी पुन्हा फिरायला सुरुवात केली. हे कळलं उंदरांमुळे. घरात राहणारा उंदीर आणि रानातला उंदीर यांच्या दाढांत फरक असतो. माणसं जिथे जास्त काळ राहतात तिथे घरउंदीर रानउंदराला हटवतो, आणि माणसांचं येणं-जाणं वाढलं की रानउंदीर परत येतो. दाढांचं हे प्रमाण थरांमागून थर वर-खाली होत गेलेलं दिसतं. म्हणजे स्थिर होणं ही एकदाच ओलांडायची नदी नव्हती. माणसं ती अनेकदा ओलांडून परत आली आहेत.

याचा सर्वांत ठसठशीत दाखला आपल्याच मातीत आहे, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला तो माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात तिथे उत्खनन केलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमारास तिथे पहिले शेतकरी आले. कुडाच्या भिंतींची चौकोनी, ऐसपैस घरं त्यांनी बांधली. जव हे मुख्य पीक, जोडीला गहू, मसूर, वाटाणा. नदीचं पुराचं पाणी वळवून घ्यायला त्यांनी पाट खणला, बांध घातला. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं मोठं घर होतं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. गावाचं धान्य कुणाच्या तरी हुकमतीखाली गेलं होतं, असाच त्याचा अर्थ लावला जातो. मृतांना ते घरातच, जमिनीखाली पुरत. लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत. प्रौढांना उताणं, आणि त्यांचे घोट्याखालचे पाय तोडलेले. मेलेल्याने उठून निघून जाऊ नये म्हणून, असं अभ्यासकांना वाटतं. जे जिवंतपणी गाव सोडून जाऊ शकत नव्हते, त्यांनी मेल्यावरही जाऊ नये.

आणि मग तेच गाव उलटं फिरलं. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास प्रवरा-गोदावरीच्या खोऱ्यांतली दायमाबादसारखी मोठी गावं ओस पडली. इनामगाव टिकलं, पण बदललं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पिकं घटली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार यांवरचा भर वाढला. शेतकऱ्यांचं गाव अर्धभटक्या पशुपालकांचं झालं. इसवी सनापूर्वी 700 च्या आसपास तेही सुटलं. ढवळीकरांच्या मते वाढत गेलेला दुष्काळ हे याचं कारण. नंतरच्या संशोधकांनी एवढ्या एकाच कारणावर प्रश्न उभे केले आहेत. या शेवटच्या काळातल्या लहान मुलांच्या हाडांवर कुपोषणाच्या खुणा आहेत, हेही सांगितलं पाहिजे. परत फिरणं सुखाचं नव्हतं. पण पाऊस आणि जमीन साथ देईनाशी झाली तेव्हा त्या माणसांनी जगायला मेंढरांमागे चालणं निवडलं. शिडीवरून खाली घसरलेली माणसं मला त्यांच्यात दिसत नाहीत. दख्खनच्या पठारावर पावसाचा भरवसा धरता येत नाही, हे ओळखणारी माणसं दिसतात.

थोडं दक्षिणेला, कर्नाटक-तेलंगणा-आंध्रच्या कोरड्या भागात, याहून जुने राखेचे ढिगारे आहेत. उतनूर, कुपगल, बुदिहाळ. पाच हजार वर्षांपूर्वीपासून गुरं राखणारे लोक तिथे येत, गुरं कोंडत, साठलेलं शेण पेटवून देत. वर्षानुवर्षं तसं करत गेल्याने टेकडीएवढे ढीग झाले. त्यांतल्या काही जागी पुढे गाव वसलं, काही जागी नाही. ही माणसं भटकी म्हणावीत की स्थिर? त्यांची जागा ठरलेली होती, पण ते बारमाही तिथे नव्हते. त्यांना ‘मुक्काम’ हाच शब्द लागू पडतो.

आता आजच्या फिरत्या माणसांकडे येतो. त्यांच्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा की आदिमानवाच्या भटकण्याचंच ते उरलेलं शेपूट आहे, बाकीचे पुढे गेले आणि हे मागे राहिले. हे साफ चूक आहे. मेंढी माणसाळली ती थांबू लागलेल्या माणसांच्या अंगणात. मेंढरं घेऊन दूरदूर फिरणं हे त्या मानाने नंतरचं कसब आहे. वैदू, नंदीवाले, वडार, कैकाडी, डोंबारी, नाथपंथी डवरी गोसावी यांचं फिरणं तर गावांशिवाय शक्यच नव्हतं. औषध, खेळ, टोपल्या, दगडकाम, भविष्य यांना एका गावात बारा महिने गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून ते गावोगाव गेले. गावगाडा उभा राहिल्यावर त्याच्या आधाराने आणि त्याच्या गरजेपोटी ही फिरती कामं उभी राहिली. शिडीच्या खालच्या पायरीवर आपण ज्यांना बसवलं, ते आपल्याच गावाच्या बरोबरीने घडलेले आहेत.

आमच्या भागात दिवाळी सरली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे त्यांचे तांडे, खाली उतरू लागतात. घोड्यावर बिऱ्हाड, बाजेवर कोंबड्या, पुढे-मागे कुत्री. दुष्काळी तालुक्यांतून निघालेली मेंढरं कोकणापर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी त्यांना आपल्या रानात बसवून घेतो. रात्रभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेल्या मेंढरांची लेंडी आणि मूत जमिनीला मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. कोकणचा मुसळधार पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही आणि उन्हाळ्यात माणदेशात चारा नसतो. मग कळप हलवण्यापेक्षा शहाणपणाचं दुसरं काय असू शकतं? ही माणसं घराला मुकलेली नाहीत. त्यांचं गाव आहे, घर आहे, कुलदैवत आहे. वर्षातले काही महिने ती चालतात, इतकंच.

त्यांना जागेवर बसवण्याची घाई मात्र राज्यसत्तेला फार जुनी आहे. धान्य एकाच वेळी पिकतं, डोळ्यांना दिसतं, मोजता येतं, उचलून नेता येतं. म्हणून पहिल्या राज्यांनी कर बसवला तो धान्यावर आणि त्या धान्याशी बांधलेल्या माणसांवर. चालता माणूस वहीत बसत नाही. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली गेली, हजेरी घेतली गेली, गिरण्यांत राबवली गेली. त्या जागेला ‘सेटलमेंट’ म्हणत. स्थिर होण्यासाठी इंग्रजीत असलेला हा शब्द सोलापूरकरांच्या तोंडी कुंपणाचा शब्द झाला. तो कायदा 1952 च्या 31 ऑगस्टला गेला, आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कुंपण गेलं, संशय राहिला. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेली, सोलापूरकडची माणसं होती ती. फिरणारा माणूस म्हणजे कुठूनतरी निसटलेला माणूस, ही समजूत आपण किती खोल पेरली आहे, त्याचं हे पीक.

याचा अर्थ भटकेपणाचे गोडवे गावेत असा नाही. पालावरच्या बायांना विचारलं तर पक्कं घर, नळाचं पाणी, मुलाला शाळा हेच त्या आधी सांगतील, आणि ते मागणं शंभर टक्के बरोबर आहे. नंदीबैलावर आता पोट भरत नाही; डोंबाऱ्याच्या खेळाला शहरात कुणी थांबत नाही. ज्यांना थांबायचं आहे त्यांना थांबता आलंच पाहिजे. माझं म्हणणं त्यांच्या थांबण्याविरुद्ध नाही, ते आपण त्यांना काय देऊन थांबवतो याबद्दल आहे. नाटुफियन माणूस थांबला तेव्हा त्याच्यासमोर वर्षभराचं धान्य होतं. इनामगावचा शेतकरी थांबला तेव्हा नदीचं पाणी त्याच्या शेतात वळलं होतं. राज्याच्या मुक्त वसाहत योजनेत भटक्या-विमुक्त कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि छोटं घर देण्याची तरतूद आहे. योजना चांगली आहे, तिची गरजही आहे. पण पाच गुंठ्यांत चूल मांडता येते, कणगी भरता येत नाही. पोटाचा धंदा रस्त्यावरच राहिला तर वर्षातले आठ महिने त्या घराला कुलूप लागतं, आणि मग ‘यांना घरं दिली तरी राहत नाहीत’ असं म्हणायला आपण मोकळे होतो. घराबरोबर कसायला जमीन, नाहीतर बारमाही काम, यांतलं एक तरी हवंच.

आणि ज्यांना चालायचं आहे, त्यांच्यासाठी सोयींनी चालायला शिकावं. हे अशक्य नाही. रेशनकार्ड एका गावाला बांधलेलं होतं तोवर फिरत्या कुटुंबाला धान्य मिळणं मुश्किल होतं. देशभर कुठेही धान्य उचलण्याची सोय झाली तेव्हा तो अडथळा निदान कागदावर तरी दूर झाला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. त्या पुरेशा नव्हत्या, तरी शाळा फडापर्यंत जाऊ शकते हे त्यांनी दाखवलं. वाड्याबरोबर हिंडणाऱ्या पोराला दिवाळी ते मृग एवढ्या काळात वाटेतल्या कुठल्याही झेडपीच्या शाळेत बसता यावं, हजेरी पुढच्या शाळेत जोडली जावी, यात अवघड काय आहे? मेंढरांच्या जुन्या वाटा आणि गावोगावची गायरानं नकाशावर नोंदून राखावीत. गायरानावर एकदा इमारत उठली की कळपाचा तो मुक्काम कायमचा बुडतो, आणि त्या मुक्कामाबरोबर आजूबाजूच्या चार शेतांचं खतही.

पण सर्वांत आधी जातीच्या दाखल्याचं काहीतरी करायला हवं. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांना दाखला हवा असेल तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. त्या साली ज्याचा आजा नंदीबैल घेऊन पाथर्डीपासून पंढरपूरपर्यंत फिरत होता, ज्याची नोंद कुठल्या शाळेच्या पटावर नाही की कुठल्या सातबाऱ्यावर नाही, तो नातू कोणत्या गावचा कागद आणणार? भटका आहेस हे सिद्ध करायला तू स्थिर होतास याचा कागद आण, असं आपण त्याला सांगत आहोत. तलाठ्याने आणि तहसीलदाराने पालावर जावं, जमातीतल्या जाणत्यांचे जबाब घ्यावेत, ज्या गावांत ते वर्षानुवर्षं येत राहिले तिथल्या म्हाताऱ्यांना विचारावं. ती माणसं सांगतील, दरवर्षी सुगी झाली की हे लोक यायचे, चिंचेखाली उतरायचे, पंधरा दिवस राहायचे. पुरावा म्हणून ते लिहून घ्यावं, आणि पत्त्याच्या रकान्यात त्या चिंचेपाशी मुक्काम असं लिहावं.